मूल बोलत नाही? आधी कान तपासा

कानोसा

लहान मुलांच्या बोलण्याबद्दल कुठेही प्रश्न आला की एक उत्तर हमखास येतं: "थांबा जरा, बोलेल. मुलगे उशिराच बोलतात." मी श्रवण आणि वाचा या क्षेत्रात काम करते. दर वेळी तुकड्यातुकड्यांत लिहिण्यापेक्षा एकदा नीट लिहावं म्हणून हा धागा.

मूल वयाच्या मानाने बोलत नसेल, तर दुसरा कुठलाही अंदाज बांधण्याआधी त्याची रीतसर श्रवणचाचणी करून घ्या. पाठीमागून टाळी वाजवणं किंवा ताटली आपटणं ही चाचणी नव्हे. टाळीबरोबर हवा हलते, सावली हलते, जमिनीला हादरा बसतो, आणि बाळं हे सगळं फार पटकन टिपतात. शिवाय टाळी हा मोठा आवाज. बोलणं त्याहून कितीतरी हळू आणि बारीक असतं.

आपल्याला वाटतं की बाळाची भाषा पहिल्या शब्दापासून सुरू होते. खरं तर त्याच्या आधीचं वर्षभर ते कानाने अखंड काम करत असतं. अंतःकर्ण पोटात असतानाच, साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास काम करू लागतो. नवजात बाळ आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजापासून वेगळा ओळखतं. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ मधला प्रयोग मला फार आवडतो. इंग्रजी घरांतल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना त्यांनी हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. इंग्रजीत हा फरक नाही, घरात तो कधी कानावर पडलेला नाही, तरी बाळांना तो कळत होता. १० ते १२ महिन्यांच्या बाळांना मात्र तो जवळजवळ कळेनासा झाला होता. कानावर जे पडतं ते मेंदू धारदार करतो, जे पडत नाही ते सोडून देतो, आणि हे सगळं पहिल्या वाढदिवसाच्या आत घडतं. आता ज्या बाळाला सगळेच आवाज अर्धवट पोहोचतात, त्याचं या काळात काय होत असेल याचा विचार करा.

आईवडिलांना हमखास फसवणारी एक गोष्ट म्हणजे अजिबात ऐकू न येणारं बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकारतं, रडतं, खिदळतं. त्यासाठी कान लागत नाहीत. फरक पडतो तो पुढे. ऐकणारी बाळं साधारण १० महिन्यांच्या आत 'बाबाबा', 'ददद' अशी स्पष्ट अक्षरांची बडबड करू लागतात. तीव्र श्रवणदोष असलेल्या बाळांत ही बडबड बरीच उशिरा येते आणि तुटक असते. म्हणून बडबड सुरूच झाली नाही, किंवा सुरू होऊन ओसरली, तर वर्ष पूर्ण व्हायची वाट बघू नका.

दुसरी फसगत अर्धवट ऐकण्याची. ऐकू येणं म्हणजे दिव्याचं बटण नव्हे की चालू किंवा बंद. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, जोरकस आणि खालच्या पट्टीतले असतात. 'स', 'श', 'फ' यांच्यातला सळसळता भाग वरच्या पट्टीतला आणि अगदी क्षीण असतो. ज्या मुलाचं फक्त वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी आहे ते हाक मारल्यावर वळतं, दार वाजलं की धावतं, ढोलावर नाचतं. घरचे शपथेवर सांगतात की त्याला ऐकू येतं, आणि ते खोटं नसतं. पण 'साप' आणि 'ताप' त्याला सारखेच वाटतात. 'गेला का' आणि 'गेलास का' यातला फरक त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मग ते बोलतं तेव्हा व्यंजनं गाळून, शेवट खाऊन बोलतं, आणि आपण म्हणतो की बोबडं आहे.

कायमचा श्रवणदोष घेऊन जन्मणारी बाळं दर हजारी १ ते ३ असतात. जन्मतः तपासण्याजोग्या दोषांमध्ये हे प्रमाण कमी नाही. जगभरात मानला जाणारा क्रम असा: १ महिन्याच्या आत प्राथमिक तपासणी, ३ महिन्यांच्या आत निदान, ६ महिन्यांच्या आत उपाय सुरू. क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की ज्यांचा दोष ६ महिन्यांच्या आत लक्षात आला, त्या मुलांची भाषा उशिरा लक्षात आलेल्यांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. दोष सौम्य असो वा तीव्र, हा फरक दिसला.

प्रश्न असतील तर विचारा. वेळ मिळेल तशी उत्तरं देईन.

उंबरठा

वेळेवर धागा आला. मुलगा २२ महिन्यांचा आहे. सहा-सात शब्द बोलतो, तेही आम्हालाच कळतात. बाकी बोट दाखवून सगळं मागतो, हसतो, खेळतो. टीव्हीवर आवडतं गाणं लागलं की दुसऱ्या खोलीतून येतो. जन्मल्यावर कानाची तपासणी झाली होती, 'पास' असा कागद आहे. माझी आई म्हणते मीही अडीच वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो. अशा वेळी पुन्हा चाचणी करायची खरंच गरज आहे का?

रानवारा

उंबरठा, काळजी करू नका. आमची मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत जेमतेम बोलायची. आता वर्गात बाईंना बोलू देत नाही. प्रत्येक मुलाची आपली गती असते. असे धागे वाचून नव्या आईबापांची झोप उडते, एवढंच होतं. आमच्या पिढीत कुणाच्या चाचण्या झाल्या होत्या?

पायवाट

रानवारा, तुमची मुलगी बोलती झाली याचा आनंद आहे, पण सहमत नाही. मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. दोन वर्षांपर्यंत कमी बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात, हे खरं. पण येणारी कोणती आणि न येणारी कोणती, हे त्या वयात नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. चाचणीत सुई नाही, दुखणं नाही. ऐकणं चांगलं निघालं तर एक शंका कायमची मिटली. नाही निघालं तर वाट बघण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत. आणि मागच्या पिढीचं म्हणाल, तर शाळेत मागच्या बाकावर बसलेली, 'ढ' म्हणून हिणवलेली जी मुलं होती, त्यांतल्या किती जणांना नीट ऐकूच येत नव्हतं, ते कुणी तपासलं?

आमच्या विभागातून घरी जाणाऱ्या बाळांच्या पालकांना मी हे आवर्जून सांगते. बाळ पाच दिवसांहून जास्त अतिदक्षता विभागात होतं, कावीळ रक्त बदलण्याइतकी वाढली होती, काही विशिष्ट प्रतिजैविकं द्यावी लागली होती, मेंदूज्वर झाला होता, गरोदरपणात आईला रुबेला किंवा सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग झाला होता, घराण्यात लहानपणापासून कमी ऐकू येणारं कुणी आहे, यातलं एक जरी असेल तरी पहिली तपासणी पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. कानावर पुढेही लक्ष ठेवावं लागतं.

कानोसा

पायवाट, मनापासून धन्यवाद. माझं अर्धं काम तुम्ही केलंत.

उंबरठा, हो, चाचणी करा. कारणं सांगते.

जन्मल्यावर बहुतेक ठिकाणी ओएई नावाची तपासणी होते. कानात छोटा प्लग ठेवून बारीक आवाज सोडतात आणि अंतःकर्णातल्या केसपेशी त्याला जो सूक्ष्म प्रतिध्वनी देतात तो मोजतात. डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये हा प्रतिध्वनी पहिल्यांदा दाखवला, आणि आज जगभरातल्या नवजातांच्या पुष्कळशा तपासण्या त्यावर उभ्या आहेत. पण ती केसपेशींपर्यंतच बघते. पुढे मज्जातंतूतून मेंदूपर्यंत संदेश नीट जातो का, हे तिला कळत नाही. काही मुलांत केसपेशी उत्तम असतात आणि मज्जातंतूचा संदेश विस्कळीत असतो. अशी मुलं ओएई पास होतात. त्यांचं निदान बेरा या चाचणीत होतं, ज्यात डोक्याला चिकटवलेल्या इलेक्ट्रोडवरून मेंदूकडे जाणारे संदेश नोंदले जातात.

दुसरं म्हणजे तो कागद त्या दिवसापुरता आहे. काही आनुवंशिक दोष आणि सायटोमेगॅलो विषाणूमुळे होणारा दोष महिन्यांनी, कधी वर्षांनी उघड होतो.

तिसरं कारण या वयात सगळ्यात जास्त आढळतं, ते म्हणजे कानाच्या पडद्यामागे साचलेलं पाणी. सारखी सर्दी होते का? तोंड उघडं ठेवून झोपतो का? घोरतो का?

गाण्याला धावत येतो याचा अर्थ गाणं त्याच्यापर्यंत पोहोचतं, इतकाच. बोट दाखवून मागतो, डोळ्याला डोळा देऊन हसतो, हे मात्र फार चांगलं लक्षण आहे. संवादाची ओढ शाबूत आहे. आणखी एक बघा: खुणा न करता, नजरेने न दाखवता, नेहमीच्या आवाजात "चेंडू आण" म्हटलं तर आणतो का? पुष्कळदा मुलं आपल्या हाताकडे आणि नजरेकडे बघून काम करतात आणि आपल्याला वाटतं, बोललेलं कळलं. हे फक्त निरीक्षण म्हणून करा, त्यावरून निकाल ठरवू नका.

तुम्ही स्वतः उशिरा बोललात, हीसुद्धा माहितीच आहे. ती श्रवणतज्ज्ञांना सांगा. चाचणी टाळायचं ते कारण नाही.

सायंतारा

वाचनखूण साठवली. माझ्या भाचीच्या आईला दुवा पाठवतेय.

मोरपंखी

माझ्या लेकीचा मध्यम स्वरूपाचा श्रवणदोष दोन्ही कानांत आहे. जवळपास तीन वर्षांची होती तेव्हा कळलं. तोवर आम्हाला सांगितलं गेलं होतं की हट्टी आहे, लक्ष देत नाही, मोबाइल बंद करा. ती खरोखर लक्ष देत होती, इतकं की संध्याकाळपर्यंत थकून रडायची. दिवसभर ओठ वाचून, अंदाज बांधून जगणं सोपं नसतं.

श्रवणयंत्र लावल्यावर काय होतं याबद्दल फार गैरसमज आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. यंत्र लावलं आणि मूल बोललं, असं होत नाही. पहिले काही आठवडे ती फक्त दचकायची. नळ, पंखा, कागदाचा चुरगळा, स्वतःच्या चपलांचा आवाज. आमच्या थेरपिस्ट म्हणाल्या, तिचं ऐकण्याचं वय आजपासून मोजा. त्या एका वाक्याने माझी घाई गेली. तीन वर्षांच्या मुलीकडून तीन वर्षांची भाषा मागणं मी थांबवलं आणि नुकत्याच ऐकू लागलेल्या बाळाशी बोलतात तसं बोलू लागले. ती बघत असेल त्या गोष्टीबद्दल बोलायचं, एकच शब्द वेगवेगळ्या वाक्यांत आणायचा, मग गप्प राहून तिच्या उत्तराची वाट बघायची. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड जातं.

आमचा नियम असा की डोळे उघडले की यंत्र कानात, झोप आणि आंघोळ सोडून. सुरुवातीला काढून फेकायची. टोपी घातली, दोरी लावली, पुन्हा पुन्हा लावत राहिलो. कान वाढतो तसा यंत्राचा कानात बसणारा साचा सैल होतो, शिट्टी वाजू लागते, मग नवा साचा करावा लागतो. लहान मुलांत हे वरचेवर होतं, कंटाळू नका.

आणि अंतर. यंत्र असलं तरी लांबून बोललेलं नीट पोहोचत नाही. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो, हे मला नंतर कळलं. स्वयंपाकघरातून ओरडण्यापेक्षा चार पावलं जवळ जाऊन साध्या आवाजात बोललेलं तिला कितीतरी जास्त कळतं. टीव्ही आणि कुकर एकदम चालू असतील तर बोलून उपयोग नाही.

आज ती सात वर्षांची आहे. गोष्टी सांगते. 'स' अजून कधी कधी निसटतो.

उंबरठा

मोरपंखी, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. बायकोला वाचून दाखवलं.

शांतनिळाई

मी जन्मतः बहिरा आहे. धागा चांगला आहे, पण एक बाजू राहिली आहे, ती लिहितो. इथे सगळे जण भाषा म्हणजे तोंडाने बोलणं असं धरून चालले आहेत. खूणभाषा ही पूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. जन्मापासून खूणभाषा बघणारी बहिरी बाळं हातांनी बडबड करतात, ऐकणारी बाळं तोंडाने करतात तशीच. लॉरा-अ‍ॅन पेटिटो आणि पॉला मॅरेन्टेट यांनी १९९१ मध्ये ते नोंदवलं आहे. म्हणजे बाळाचा मेंदू भाषा शोधत असतो, ती कानातून आली की डोळ्यांतून, याचं त्याला वावडं नसतं.

जन्मतः बहिऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांचे आईवडील ऐकणारे असतात. त्यांना सांगितलं जातं की खुणा शिकवल्या तर मूल आळशी होईल, बोलणार नाही. मग यंत्राची वाट बघायची, शस्त्रक्रियेची वाट बघायची, थेरपीच्या परिणामाची वाट बघायची, आणि या सगळ्या काळात मुलाकडे कुठलीच भाषा नसते. घरात वीस माणसं आणि एकाशीही मनातलं बोलता येत नाही, हे मी जगलो आहे. शाळेत खूणभाषा भेटली तेव्हा कुठे मला 'का' हा प्रश्न विचारता आला. उशिरा मिळालेल्या भाषेचं नुकसान फक्त उच्चारांचं नसतं. विचार मांडणं, भावना सांगणं, दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते समजणं, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो.

कानोसा

शांतनिळाई, तुमचा प्रतिसाद या धाग्याला हवाच होता. खुणांमुळे बोलणं मागे पडतं याला आधार नाही. ज्या पालकांना आज निदान मिळालंय त्यांनी यंत्राची तारीख यायची वाट न बघता आजपासून खुणा सुरू कराव्यात, असंच मी सांगते. पुढे मूल बोलू लागलं तरी काही वाया जात नाही. यंत्र काढलेलं असताना, पाण्यात, गर्दीत, अंधुक ऐकू येतं अशा प्रत्येक ठिकाणी त्या उपयोगी पडतात.

आधी तपासा असं जे मी म्हणते त्यामागे हीच घाई आहे. कुठला मार्ग घ्यायचा ते कुटुंबाने ठरवावं. पण मुलाला किती ऐकू येतं तेच माहीत नसेल तर ठरवणार कशावर?

दवबिंदू

माझे तीन प्रश्न.
पडद्यामागे पाणी म्हणजे नक्की काय, त्याने कायमचं नुकसान होतं का?
घरात दोन भाषा बोलतो, त्यामुळे मूल गोंधळून उशिरा बोलतंय असं शेजारच्या म्हणतात.
जिभेखालची पट्टी कापली की मुलं बोलू लागतात, हे खरं का?

कानोसा

दवबिंदू, शेवटच्या दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे, म्हणजे मूल मागे नाही हे पुष्कळदा तिथेच लक्षात येतं. जिभेच्या पट्टीमुळे काही बाळांना दूध ओढताना त्रास होतो, क्वचित एखाद्या उच्चारावर परिणाम होतो. पण तिच्यामुळे मूल शब्दच शिकत नाही, असं होत नाही. जीभ बांधलेली असली तरी ऐकू येणारं मूल आपल्या परीने बोलायचा प्रयत्न करतंच. न बोलणाऱ्या मुलाची पट्टी कापून आणतात आणि कान तपासायचे राहून जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पाणी. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक नळी जाते, ती तिथली हवा खेळती ठेवते. लहान मुलांत ती आखूड आणि आडवी असते. सर्दीने किंवा वाढलेल्या अ‍ॅडिनॉइडमुळे, म्हणजे नाकामागच्या गाठीमुळे, ती तुंबली की मधल्या कानात द्रव साचतो. दुखत नाही, ताप नाही, त्यामुळे कळत नाही. ऐकणं साधारण २० ते ३० डेसिबलने उतरतं आणि ते रोज सारखं नसतं. सोमवारी ऐकू येतं, गुरुवारी येत नाही. म्हणूनच अशा मुलांवर 'मनात असेल तेव्हा ऐकतो' असा शिक्का बसतो. बहुतेकदा हे पाणी तीन महिन्यांच्या आत आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात ते योग्यच आहे. पण तीन महिन्यांनंतरही ते असेल, किंवा बोलणं आधीच मागे असेल, तर श्रवणचाचणी करून पुढचं ठरवावं. गरज पडली तर पडद्यात बारीक नळी, म्हणजे ग्रोमेट, बसवतात. कायमचं नुकसान सहसा होत नाही. भाषा भराभर वाढायच्या वर्षांत महिनोन्‌महिने अंधुक ऐकू येणं मात्र मुलाला परवडत नाही.

रानवारा

वाचतोय. माझ्या मुलीला लहानपणी सतत सर्दी असायची, अ‍ॅडिनॉइड काढल्यावर वर्षभरात बोलणं वाढलं. आम्ही त्या दोन गोष्टींचा संबंध कधी जोडलाच नव्हता. कॉक्लिअर इम्प्लांटबद्दलही लिहा, म्हणजे शस्त्रक्रियेने अंतःकर्णात बसवतात त्या यंत्राबद्दल. पुतण्याला सुचवलंय, घरात मतभेद आहेत, अजून लहान आहे म्हणून थांबायचं चाललंय. अडीच वर्षांचा आहे.

कानोसा

रानवारा, शस्त्रक्रिया करावी की नाही हे त्याला तपासणारेच सांगतील, पण 'लहान आहे म्हणून थांबू' यावर बोलायला हवं. जन्मापासून काहीच ऐकू न आलेल्या मेंदूत श्रवणाची जागा अनंत काळ मोकळी राहत नाही. अनु शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूचे प्रतिसाद मोजले. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्यांचे प्रतिसाद वयाच्या मानाने सर्वसाधारण पातळीवर आले. सात वर्षांनंतर झालेल्या बहुतेकांचे आले नाहीत. अमेरिकेत इम्प्लांटसाठीची किमान वयोमर्यादा २००० साली १२ महिन्यांवर आणली गेली, आणि २०२० मध्ये एका कंपनीच्या यंत्रासाठी ९ महिन्यांवर.

म्हणून निर्णय होकाराचा असो वा नकाराचा, तो माहिती घेऊन आत्ताच घ्या. तारखा पुढे ढकलत राहणं हाही मुलाच्या वतीने घेतलेला निर्णयच असतो. इम्प्लांट नंतरची थेरपी काही वर्षं चालते, मोरपंखींनी लिहिलंय तशीच रोजची. त्यासाठी घरात कोण वेळ देणार, हे आधी बोलून घ्या. आणि निर्णय होईपर्यंत शांतनिळाईंनी सांगितलंय ते करा, खुणा सुरू करा.

पायवाट

एका कानाबद्दलही लिहा ना ताई. 'दुसरा चांगला आहे, चालेल' असं पालकांना फार वेळा सांगितलं जातं.

कानोसा

बरोबर. एका कानाने आवाज कुठून आला ते कळत नाही आणि गोंगाटात बोलणं वेगळं काढता येत नाही. वर्गात ही मुलं मागे पडतात आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. एका कानाचा दोषही नोंदवून त्याचा पाठपुरावा व्हायलाच हवा.

उंबरठा

पुढच्या आठवड्यात तपासणी ठरली. दोन गोष्टी सांगाल का? इतकं लहान मूल सांगणार कसं की ऐकू आलं? आणि आज त्याला सर्दी झाली आहे, तारीख बदलून घेऊ का?

कानोसा

त्याला सांगावं लागत नाही. या वयात शांत खोलीत मुलाला मांडीवर बसवून वेगवेगळ्या पट्टीचे आवाज सोडतात. आवाजाकडे वळलं की एका बाजूला खेळणं उजळतं किंवा चित्र हलतं. एकदा गंमत कळली की मूल अगदी हळू आवाजालाही वळू लागतं, आणि कुठपर्यंत वळतं ते नोंदवत जातात. कानात छोटे प्लग घालू दिले तर दोन्ही कानांचं वेगवेगळं कळतं. मांडीवर तुम्ही असाल तर आवाज आल्यावर तुम्ही हलायचं नाही, त्याला इशारा मिळतो. यात नक्की उत्तर आलं नाही तर झोपेत बेरा करतात.

सर्दीसाठी तारीख बदलू नका. पडद्यामागचा दाब मोजणारी टिम्पॅनोमेट्री त्याच दिवशी होईल आणि पाणी असेल तर दिसेल. ऐकणं कमी निघालं तर सर्दी उतरल्यावर पुन्हा मोजून घ्यायला सांगतील, ती दुसरी फेरी चुकवू नका. जाताना तो बोलतो ते शब्द लिहून न्या, तुम्हालाच कळणारेसुद्धा. घरातले दोन-तीन लहान व्हिडिओ मोबाइलमध्ये घ्या, कारण नव्या जागी मुलं गप्प बसतात. झोप आणि खाणं झाल्यानंतरची वेळ मागा. आणि जन्माच्या वेळचा तो 'पास'चा कागद बरोबर असू द्या, त्यावर कोणती चाचणी झाली होती ते लिहिलेलं असतं.